विजेवरचा डायफ्राम पंप: जळगावच्या उन्हाळ्यासह दहा महिन्यांचा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. केळीला ठिबकमधून सोडायची द्रवरूप खतं आम्ही बनवतो, त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड आणि ह्युमिक (सेंद्रिय पदार्थापासूनचं काळं द्रावण) दोन्ही येतात. गिऱ्हाईक मुख्यतः रावेर, यावल, चोपड्याकडचं. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी) आणि कांदेबागेच्या (दसऱ्याच्या सुमाराची केळी) लागवडीनंतर मागणी एकदम उसळते आणि तेव्हा पंप अर्धा दिवस जरी बंद राहिला तरी गाड्या दारात उभ्या राहतात. म्हणून पंपाविषयी एवढं सविस्तर लिहितोय.

आधी नऊ वर्षं आम्ही हवेवर चालणारा डबल डायफ्राम पंप वापरला, म्हणजे दोन लवचिक पडदे मागेपुढे हलून द्रव ढकलतात तो. त्याच्याबद्दल मनात राग अजिबात नाही. कोरडा चालला तरी बिघडत नाही, फिरत्या शाफ्टभोवतीचं मेकॅनिकल सील नसल्याने तिथून अ‍ॅसिड गळायचा प्रश्न नाही, खालच्या टाकीतून स्वतःच द्रव ओढून घेतो. त्रास होता तो कॉम्प्रेसरचा. १० एचपीचा कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकायचा. दाबलेल्या हवेत विजेचा फार थोडा भाग कामी येतो, बाकी सगळी उष्णता होऊन जाते. डिसेंबरच्या पहाटे आणखी एक कटकट. हवा मफलरमधून (वापरलेली हवा बाहेर सोडणारं, आवाज दाबणारं नळकांडं) सुटताना फुगते आणि गार पडते, तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ धरतो आणि पंप अडखळतो. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून आम्ही तो चालू करायचो.

गेल्या दसऱ्यानंतर विजेवरचा घेतला. पॉलीप्रॉपिलीनची बॉडी, टेफ्लॉनचे डायफ्राम आणि झडपेचं काम करणारे बॉल, दीड किलोवॉटची मोटर, गिअरबॉक्स आणि वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी (मोटरला मिळणाऱ्या विजेचे हर्ट्झ बदलणारं यंत्र). किंमत हवेच्या पंपाच्या जवळजवळ तिप्पट. भागीदार नाखूश होता, म्हणून दोन्हीकडे वेगळे मीटर बसवून रोज आकडे लिहिले. पूर्वी कॉम्प्रेसर दिवसाला ३४-३५ युनिट खायचा. आता पंप ४-५ युनिट घेतो. पण बाटल्या भरायच्या लाइनचे सिलिंडर हवेवरच चालतात, त्यामुळे कॉम्प्रेसर अजूनही ९-१० युनिट घेतोच. विकणारे हे सांगत नाहीत. ज्याला हवा दुसऱ्या कामाला लागते, त्याची बचत कागदावरच्या हिशेबापेक्षा कमीच भरेल. तरी आमच्याकडे महिन्याला पाचशे युनिटच्या वर वाचली.

मला त्याहून मोलाची वाटली ती भरण्याची एकसारखी गती. पूर्वी बाटल्यांची लाइन सुरू झाली की हवेचा दाब पडायचा, पंप मंदावायचा आणि एका कॅनमध्ये कमी, दुसऱ्यात जास्त असं व्हायचं. आता व्हीएफडीवर वेग बांधला की दर झटक्याला तेवढाच द्रव येतो. ३५ लिटरचे कॅन भरताना काट्यावरचा फरक फार कमी झाला. शेतकरी कॅन उचलून बघतो, त्याला हलका कॅन लगेच कळतो.

आता चुकलेल्या गोष्टी, कारण त्या महाग पडल्या.

पहिल्याच आठवड्यात, कांदेबागेची घाई चालू असताना, ऑपरेटरने सवयीप्रमाणे कॅन भरला आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद केला. हवेच्या पंपात यात काहीच वावगं नाही. हवा ४ बारची दिली तर द्रवाचा दाब ४ बारच्या वर जाऊ शकत नाही, पंप जागच्या जागी थांबून राहतो. आमचा नवा पंप मात्र मोटर आणि गिअरने डायफ्राम ढकलतो. पुढची वाट बंद असली तरी तो ढकलतच राहिला आणि क्लॅम्पमधून होज निसटला. ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड जमिनीवर पसरलं. चष्मा, हातमोजे, एप्रन अंगावर होते म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते. बसवणाऱ्याने व्हीएफडीत टॉर्कची (मोटरच्या पिळाच्या जोराची) मर्यादा घातलीच नव्हती. नंतर आम्ही ती घालून घेतली, आणि डिस्चार्जवर (द्रव बाहेर जातो त्या पाइपवर) दाब वाढला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह लावून त्याची बायपास लाइन परत टाकीत सोडली. काही मॉडेल दाब वाढला की आपोआप थांबतात. घेताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या खानदेशाची. मोटरच्या पाटीवर बघा, भोवतालचं तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आपल्याकडे सावलीतच ४४-४५ होतं, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी ऑपरेटरचा फोन आला, "भाऊ, पंप बंद पडी गया." व्हीएफडी तापून ट्रिप झाला होता. त्याचं पॅनेल पश्चिमेच्या भिंतीला होतं, तिथे चारनंतर ऊन येतं आणि पत्रा भट्टीसारखा तापतो. पॅनेल उत्तरेच्या भिंतीला हलवलं, त्यात एक्झॉस्ट फॅन घातला आणि महिनाभर पंपाचं काम सकाळी सहा ते अकरात उरकलं. आणखी एक चूक सुधारली. गरमीत पंपाला आराम म्हणून आम्ही वेग अगदी खाली आणायचो. पण मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो, आणि ती आणखी तापते. आता २५ हर्ट्झच्या खाली नेत नाही. मे महिन्यात हवेचा पंप मात्र निश्चिंत चालायचा, हे कबूल करायला हवं.

जूनमधली चूक पूर्ण आमची. एकाच पंपाने ह्युमिक आणि फॉस्फोरिक दोन्ही चालवायचो, मध्ये दहा मिनिटं पाणी फिरवून. मृगबागेच्या गर्दीत एकदा पाणी फिरवायचं राहिलं. ह्युमिकचं द्रावण अल्कधर्मी असतं, अ‍ॅसिड लागलं की ते दूध नासल्यासारखं फाटतं. काळा चोथा बॉल आणि सीटच्या मध्ये बसला. पंप फिरत होता, पण द्रव पुढे जात नव्हता. चार बोल्ट खोलून सगळं धुवायला दोन तास गेले. खोलायला सोपा आहे, हे मात्र तेव्हा कळलं. सक्शनला (द्रव पंपात येतो तिथे) गाळणी त्यानंतर बसवली.

श्रावणात लीक सेन्सरचा दिवा लागला. एका डायफ्रामला कडेला बारीक चीर गेली होती. हवेच्या पंपात डायफ्रामच्या मागे हवेचा तेवढाच दाब असतो, त्यामुळे त्याच्यावर ताण कमी पडतो. आमच्या पंपात मागून फक्त रॉड ढकलतो, समोरून द्रवाचा पूर्ण दाब, त्यात पाण्याच्या दीडपटीहून जड अ‍ॅसिड. हवेच्या पंपाचा डायफ्राम फाटला की द्रव मफलरमधून बाहेर दिसतो, इथे तो थेट गिअरबॉक्सकडे जातो. सेन्सर नसता तर गिअरबॉक्स गेला असता. सेन्सरशिवायचा पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. नव्या डायफ्रामचं किट पुण्याहून कुरिअरने यायला चार दिवस लागले. तोवर जुना हवेचा पंप बाहेर काढला आणि त्यानेच गाड्या भरल्या. आता एक जादा किट कपाटात ठेवलेलं असतं.

आवाजाबद्दल थोडंसं. हवेच्या पंपाच्या फटफटीत शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. आता शेडमध्ये फोन घेता येतो. पाइपमध्ये धक्के मात्र जाणवतात, त्यासाठी डॅम्पनर (धक्के शोषून घेणारं भांडं) लावला आणि पाइपला दोन जागी आधार दिला.

शेजारच्या गाळ्यात शाई बनवतात, तिथे सॉल्व्हंट असतं. त्यांनी हाच पंप घेऊ का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. ज्वालाग्राही वाफ असेल तिथे साधी मोटर चालत नाही, फ्लेमप्रूफ लागते, आणि मग पंपाची किंमत आणखी चढते. त्यांचं काम दिवसाला तासाभराचं, त्यांना हवेचाच पंप बरा.

आम्ही स्वतः ह्युमिकसाठी दुसरा विजेवरचा पंप सांगितलाय, या वेळी रिलीफ व्हॉल्व्ह आणि टॉर्कची मर्यादा ऑर्डरमध्येच लिहून. कांदेबागेच्या आधी तो बसला की फॉस्फोरिकच्या लाइनला ह्युमिकचा थेंब लागणार नाही. जुना हवेचा पंप विकायचा नाही, असं भागीदाराने ठरवलंय. माझंही तेच मत आहे.