स्कायसोना : काळ्या चौकटीतलं आधी वाचा

पुण्यात औषध-सुरक्षेची नोकरी करते. दिवसभर लोकांना झालेल्या त्रासाचे रिपोर्ट वाचायचे, त्यामुळे नवीन औषध दिसलं की मी आधी माहितीपत्रकातली काळी चौकट, म्हणजे सगळ्यात गंभीर धोक्याचा इशारा, बघते. स्कायसोनाच्या चौकटीत रक्ताचा कर्करोग आहे.

औषध सेरेब्रल अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असलेल्या लहान मुलग्यांसाठी. आजार भयानक, चांगला चालता-बोलता पोरगा काही वर्षांत अंथरुणाला खिळतो. त्याच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढायच्या, निकामी केलेल्या लेंटिव्हायरसवर (पेशीच्या जनुकांत स्वतःचं जनुक घुसवणारा विषाणू) बसवून चांगलं जनुक त्यांत घालायचं, आणि केमो देऊन त्या परत सोडायच्या. मूळ पेशी देणारा दाता शोधायला नको, परक्या पेशींनी शरीरावर उलटायची भीती नाही. किंमत 30 लाख डॉलर. त्याबद्दल काय बोलणार!

आता चौकट. 2022 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा चाचण्यांतल्या 67 मुलांपैकी 3 जणांना कर्करोग झालेला होता. 2024 मध्ये आकडा 7 झाला, 2025 मध्ये 10. कुणाला 14 महिन्यांत, तर कुणाला सात वर्षं उलटून गेल्यावर. म्हणजे पहिली दोन वर्षं बरी गेली म्हणून पेढे वाटायची सोय नाही.

‘व्हायरस वापरला की असंच होणार’ असं काही जण म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. स्कायसोनाच्याच कंपनीचं थॅलेसेमियावरचं झिंटेग्लोही लेंटिव्हायरसवरच चालतं, आणि मंजुरीपर्यंतच्या चाचण्यांत त्यात एकालाही असा कर्करोग झाला नव्हता. फरक प्रमोटरचा, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या बटणाचा. झिंटेग्लोचं बटण लाल पेशी तयार होताना चालतं. स्कायसोनातलं एमएनडीयू3 विषाणूपासून घेतलेलं, सगळ्या पेशींत जोरात चालणारं. ते मेकॉमसारख्या जनुकाशेजारी जाऊन बसलं की तेही जागं होतं, आणि तीच एक पेशी वाढत सुटते. व्हेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारा तो विषाणू, पेशीच्या जनुकांत कुठे बसेल हे आपल्या हातात नाही. बटण कुठलं लावायचं हे होतं.

तारे? जुळणारा दाता मिळत असेल तर शून्य. ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेच्या एफडीएनेही हे औषध असा दाता नसलेल्यांपुरतंच ठेवलंय, आणि हे आधीच व्हायला हवं होतं असं माझं मत. दाता नसेल आणि मेंदूतला आजार नुकताच सुरू झाला असेल तर पाचपैकी तीन, कारण तिथे काहीच न करणं याहून वाईट.

आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीने हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर लेंटिव्हायरसचा प्रयोग केला, त्यात प्रमोटर सीडी68 घेतला, मुख्यतः मायलॉइड पेशींत (पांढऱ्या पेशींचा एक गट) चालणारा. असल्या चाचणीत कुणी नाव घालायला सांगितलं तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : प्रमोटर कुठला, एका पेशीत जनुकाच्या सरासरी किती प्रती जातात, आणि व्हेक्टर कुठे बसला याची तपासणी किती वर्षं, कुणाच्या खर्चाने.