हवाई दल, नौदल की तटरक्षक दल: मनासारखं नाही मिळालं तर?

गेल्या गणपतीत प्रसादाची वाटी हातावर ठेवता ठेवता बहिणीने विषय काढला. "चेडवाक इमान चालवचा आसा. खंय जावचा ता तूच सांग तिका." भाची बारावीला आहे. 4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीत नौदल दिनाची प्रात्यक्षिकं झाली, तेव्हा ती दहावीत होती. गर्दीत वाळूवर उभं राहून तिने डोक्यावरून गेलेलं मिग-29के बघितलं आणि तेव्हापासून तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर विमानंच असतात. मामा नौदलात हेलिकॉप्टर उडवून निवृत्त झालेला, म्हणजे त्याला सगळं माहीत असणार, असा घरच्यांचा समज. एकवीस वर्षं मी नोकरी केली. त्यातली तेरा वर्षं खरोखर उडत होतो. बाकीची आठ कुठे गेली, तेही पुढे येईलच.

भाचीने कागदावर तीन रकाने आखले होते: हवाई दल, नौदल, तटरक्षक दल. प्रत्येकाखाली विमानांची नावं. सुखोई, राफेल, तेजस. मिग, पी-8आय, सीहॉक. डॉर्नियर, ध्रुव, चेतक. सगळी मुलं अशीच यादी करतात आणि तिथेच फसतात. विमान आपण निवडत नाही. ते आपल्याला मिळतं: प्रशिक्षणातले गुण, शिक्षकांचे शेरे आणि त्या वर्षी कुठे किती जागा रिकाम्या आहेत, यावर. म्हणून मी तिला एकच विचारलं. मनातलं पहिलं विमान नाहीच मिळालं, तर कुठल्या दलात तू निभावशील?

त्याआधी आत शिरायच्या दारांबद्दल, कारण मुलींच्या बाबतीत दारावरच बरंचसं ठरतं. बारावीनंतरचं एनडीएचं, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार मुलींना 2022 मध्ये उघडलं. पहिल्या तुकडीतल्या 17 जणी मे 2025 मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. पण अलीकडच्या जाहिराती नीट वाचा. हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या 92 जागांपैकी मुलींसाठी दोन असतात. संपूर्ण देशातून दोन. परीक्षा द्यावी, जरूर द्यावी, पण सगळी मदार त्यावर ठेवू नये. दुसरं दार पदवीनंतरचं. हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा होते, वय 20 ते 24, आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र लागतंच. तिथून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, 14 वर्षांचं असतं आणि त्याला पेन्शन नाही. पेन्शनला अधिकाऱ्याची 20 वर्षं भरावी लागतात. हा सहा वर्षांचा फरक बाविसाव्या वर्षी कुणालाच दिसत नाही. छत्तिसाव्या वर्षी, पदरात दोन मुलं असताना, दुसरं काही दिसत नाही. नौदलाचं शॉर्ट सर्व्हिस पायलटचं दार इंजिनीअरिंगनंतर उघडतं. तटरक्षक दलाला पदवी लागते.

आणि एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. पायलटसाठीची संगणकावरची चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर त्या जन्मापुरता वैमानिकाचा विषय संपला, मग अर्ज कुठल्याही दलात करा. रात्रभर कोकणकन्येच्या जनरल डब्यात उभं राहून सकाळी चाचणीला बसायची ही गोष्ट नव्हे. दोन दिवस आधी पोहोचा आणि झोपा.

आता हवाई दल. उडायचंच असेल आणि बाकी कशाशी देणंघेणं नसेल, तर माझं पहिलं मत यालाच. कारण साधं आहे: हे दल उड्डाणाभोवतीच उभं आहे. एनडीएतून बाहेर पडलेला कॅडेट थेट हैदराबादजवळच्या दुंडिगलला हवाई दलाच्या अकादमीत पिलाटस या शिकाऊ विमानावर बसतो. तिथून पुढे तीन वाटा फुटतात, लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर. ज्याला लढाऊ मिळत नाही तो आठवडाभर जेवत नाही, हे मी दुंडिगलला शिकताना मेसमध्ये बघितलंय. पण पुढे दहा वर्षांनी तोच सियाचिनच्या बर्फावर चीता हेलिकॉप्टर उतरवत असतो आणि मागचं बोलतसुद्धा नाही. हेलिकॉप्टरवाल्याला वरची दारं बंद असतात असंही नाही. फली मेजर हेलिकॉप्टर पायलट होते आणि 2007 मध्ये हवाई दलप्रमुख झाले. मुलींना लढाऊ विमानं 2016 पासून मिळतायत. म्हणजे दुसरी पसंती पदरात पडली तरी रोजचं काम उडण्याचंच राहतं.

वैताग वेगळाच असतो. एक म्हणजे विमानंच कमी. लढाऊ विमानांच्या तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, 42 मंजूर आहेत. 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 उरल्या. 2021 मध्ये मागणी नोंदवलेली 83 तेजस मार्क-1ए वेळेवर आली नाहीत. कॉकपिट कमी म्हणजे त्यात बसायची वाट लांबली. दुसरं, जागा. जैसलमेर, नालिया, हलवारा, हासिमारा, छबुआ. नकाशा काढा आणि या गावांपासून मालवणपर्यंत दोरा ताणून बघा. समुद्राच्या आवाजाशिवाय ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी याचा विचार करावा. मी चेष्टा करत नाहीये. आमच्या गावचा एक पोरगा राजस्थानात दीड वर्ष धड झोपला नव्हता.

नौदलाबद्दल मी जास्त बोलणार, कारण तिथलं मीठ खाल्लंय.

नौदलात तुम्ही आधी खलाशी, मग वैमानिक. एनडीएतून आलात तर आधी जहाजावर पाठवतात, ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभं राहून वॉचकीपिंगचं, म्हणजे पाळीवर जहाज सांभाळण्याचं, प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग उड्डाणासाठी अर्ज करायचा. तुमचा हवाई दलातला वर्गमित्र एकट्याने विमान उडवत असतो तेव्हा तुम्ही पहाटे चारच्या वॉचला कोको पीत रडारकडे बघत असता. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांची यातून सुटका होते. लढाऊ विमानं मोजकी. मिग-29के गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या तळावर, आणि 26 राफेल-एमचा करार एप्रिल 2025 मध्ये झाला. लढाऊ शाखेत पहिली मुलगी जुलै 2025 मध्ये निवडली गेली. तेव्हा नौदलाचा पायलट म्हटलं की बहुतेकांच्या वाट्याला हेलिकॉप्टर येतं, नाहीतर समुद्रावर टेहळणी करणारं डॉर्नियर किंवा पी-8आय. तारकर्लीच्या वाळूवरून दिसतं त्यात हे येत नाही.

पण जहाजाच्या डेकवर चेतक हेलिकॉप्टर उतरवणं म्हणजे काय, ते ऐका. चेतकला इंजिन एकच, बांधणी साठच्या दशकातली. डेक व्हॉलीबॉलच्या मैदानापेक्षा फार मोठा नाही, आणि पुढ्यात हँगरची पोलादी भिंत. जहाजाच्या बाजूला येऊन त्याच्याच वेगाने अधांतरी थांबायचं. डेक वर येतो, खाली जातो, कलतो. त्याच्या मागे लागलात की संपलात. डोळा क्षितिजावर ठेवायचा आणि मोजत राहायचं: तीन-चार मोठ्या लाटा जातात, मग जरा उसंत मिळते. त्या उसंतीत आडवं सरकून खाली बसवायचं, आणि चाकं टेकताक्षणी पोरं धावत येऊन पट्ट्या आवळतात. आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी होडी आत घेताना आमचे आजोबा हेच करायचे. लाटांकडे पाठ करून बसलेला माणूस मध्येच "घाल" म्हणायचा आणि होडी आत यायची. ते कसं कळतं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही आणि मलाही येत नाही.

आता त्या आठ वर्षांचा हिशेब. दोन वर्षं जहाजावर, उड्डाणाआधी. तीन वर्षं दिल्लीत टेबलावर, कारण ठरावीक हुद्द्याला स्टाफची नेमणूक चुकत नाही. दीड वर्ष एका प्रशिक्षण संस्थेत, फळ्यासमोर. आणि दीड वर्ष पाठीमुळे जमिनीवर. हेलिकॉप्टरची थरथर मणक्यात बसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वार्षिक तपासणीत माझी मेडिकल कॅटेगरी खाली आली. सहा महिन्यांनी फेरतपासणी होती. त्या दिवशी कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेच नव्हते; पुढची तारीख मिळाली ती आणखी चार महिन्यांनंतरची. पाठ बरी झाली होती, कागद बरे होईनात. त्या काळात मला मेस सेक्रेटरी केलं आणि मी उड्डाणापेक्षा बटाट्याच्या भावाचा जास्त विचार केला. सेकंडरी ड्यूटी म्हणतात याला: मेस, चौकशी समित्या, भांडारातल्या खुर्च्या मोजणं. तिन्ही दलांत आहे, आणि वैमानिक जितका वैताग शत्रूवर काढत नाही तितका यावर काढतो.

नौदलाचा एक मोठा फायदा मात्र याच वाईट काळात कळतो. तुम्ही एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाजं चालवणाऱ्या, शाखेचे असता. उडणं थांबलं तरी समुद्र थांबत नाही. जहाज आहे, पुढे जहाजाची कमान आहे. अरुण प्रकाश लढाऊ वैमानिक होते, जहाजं चालवली, आणि 2004 मध्ये नौदलप्रमुख झाले. माझ्या भाचीसारखी मुलगी, जिला खाडी आणि भरती-ओहोटी रक्तातूनच आली आहे, तिच्यासाठी ही दुसरी पसंती पहिलीपेक्षा वाईट नाही. समुद्राचा कंटाळा असेल, मळमळत असेल, तर मात्र नौदलाकडे फिरकू नका. नुसतं उडायला मिळेल म्हणून येणारे तिसऱ्या वर्षी कुढायला लागतात.

तटरक्षक दलाकडे लोक तिसरा पर्याय म्हणून बघतात. माझं तसं मत नाही, पण डोळे उघडे ठेवून जायला हवं. रत्नागिरीच्या विमानतळावर त्यांचं ठाणं आहे, गोव्यात आहे, मुंबई-दमणला आहे. जिथे पाठवतील तिथे समुद्र असेलच. आणि काम खरं असतं. युद्धाची तयारी करत वीस वर्षं घालवायची आणि युद्ध होऊच नये अशी प्रार्थना करायची, हा प्रकार नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडला की खवळलेल्या दर्यात ट्रॉलर बाहेर पडतात आणि पहिल्या आठवड्यातच कुणाचं तरी इंजिन बंद पडतं. हेलिकॉप्टरच्या विंचच्या दोराला लोंबकळत वर आलेल्या खलाशाला काय बोलावं ते सुचत नाही, तो नुसता पायलटचा खांदा धरून बसतो. हे समाधान सुखोईत नाही.

तोटेही सांगतो. दल लहान, ताफा लहान, त्यामुळे एका प्रकारचं विमान अडकलं की सगळेच अडकतात. 5 जानेवारी 2025 ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघे गेले, आणि मग सगळ्याच दलांची ध्रुव कित्येक महिने जमिनीवर राहिली. लष्कर आणि हवाई दलाची आधी सुटली. समुद्रावरची मागे राहिली. उड्डाणाचे तास बुडाले, रेटिंग, म्हणजे उडवायची पात्रता, शिळी झाली, तरुण पोरं सिम्युलेटरवर दिवस काढत होती. बढतीची वाटही अरुंद. 1978 मध्ये कायद्याने उभं राहिलेल्या या दलाला आपल्यातलाच महासंचालक मिळायला 2016 उजाडलं, तोवर वरची खुर्ची नौदलातून आलेल्यांकडे असायची. महिला अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा प्रश्न तर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात या एका मुद्द्यासाठी तीनदा वाचावी.

पैशांचं थोडक्यात. तिन्हीकडे पगार जवळपास सारखा. सातव्या वेतन आयोगाने उड्डाण भत्ता महिना 25,000 ठरवला. त्यासाठी दल निवडू नका. पण पुढे एअरलाइनमध्ये जायचा विचार असेल तर लॉगबुककडे आतापासून बघा. एटीपीएल या एअरलाइन कॅप्टनच्या परवान्याला उड्डाणाचे 1500 तास लागतात. लढाऊ वैमानिकाचं एक उड्डाण तासाभराचं, मालवाहू किंवा पी-8आय वाल्याचं कितीतरी लांब. तेव्हा तेजस्वी लढाऊ वैमानिक बाहेर पडताना तासांत मागे असतो आणि मेसमध्ये ज्याला "ट्रकवाला" म्हणून चिडवलं तो आधी कॅप्टन होतो. हेलिकॉप्टरवाल्याचे तास विमानाच्या परवान्यासाठी जसेच्या तसे धरत नाहीत. आमच्यातले बरेच जुहूहून बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर माणसं नेतात-आणतात. काम वाईट नाही, घरी झोपायला मिळतं. आणि मुदतीआधी नोकरी सोडायचा अर्ज केला की मंजूर होतोच असं धरून कुणी कर्जाचे हप्ते बांधू नयेत.

सुट्टी? कागदावर वर्षाला 60 दिवस आणि वर 20 किरकोळ. एकवीस वर्षांत मी गावच्या गणपतीला चार वेळा होतो. त्यातल्या एकदा विसर्जनाच्या दिवशी परत बोलावलं.

तर भाचीला मी काय सांगितलं? एनडीए दे, हवाई दल पहिलं लिही. नाही झालं तर इंजिनीअरिंग कर आणि मग नौदलाचं शॉर्ट सर्व्हिस आणि एएफकॅट दोन्ही भर. दोन्हींत आलं तर नौदल घे, कारण तू चेतकवरही खूश राहशील, हलवाऱ्यात राहणार नाहीस. तटरक्षक दल तिसरं, ते केवळ कायम नेमणुकीचं नक्की होईपर्यंत. मुलगा असता तर मी ते दुसरं लिहिलं असतं. हे अन्यायाचं आहे, ती तसं म्हणालीही, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग बहिणीने शिवणाच्या डब्यातली टेप आणली. उंची 162.5 सेंटिमीटरच्या वर हवी, ती होती. पायाची लांबी 99 ते 120 मध्ये बसावी लागते, नाहीतर कॉकपिटमध्ये पाय पॅडलपर्यंत पोहोचत नाहीत. भाची पडवीत भिंतीला पाठ टेकून पाय ताठ करून बसली. एकशे एक. बहिणीचा विश्वास बसेना, तिने दोनदा परत मोजलं. एकदा शंभर आलं, एकदा एकशे दोन.

"सरळ बस गो जरा," ती म्हणाली, आणि चौथ्यांदा टेप लावली.