काबुली चण्याच्या कुकीजचं प्रिमिक्स घ्यावं का?

पाकिटावर 'मैदा नाही, गहू नाही, फक्त चण्याची ताकद' असं भलं मोठं छापलंय, ते बघूनच घेतलं. एका छोट्या ब्रँडचं आहे, नाव लिहीत नाही. आधी चांगलं सांगते. चव बरीये. बेसनाचा कच्चट वास अजिबात येत नाही, म्हणजे पीठ नीट भाजून घेतलेलं असणार, आणि ओटीजीमधून ट्रे बाहेर काढला तेव्हा घरभर जो वास सुटला तो थेट नानखटाईचा, सासूबाई आतल्या खोलीतून विचारत आल्या काय केलंस म्हणून.

पण कुरकुरीत कुकी डोक्यात असेल तर राहू द्या. वरून खुसखुशीत दिसतात पण गार झाल्यावर आतून मऊच, कारण चण्यातला फायबर पाणी धरून ठेवतो. आणि मैद्याच्या कुकीसारख्या ट्रेवर पसरत पण नाहीत, गोळा ठेवला तर गोळाच बाहेर येतो, त्यामुळे तळहाताने चपट्या करूनच ठेवायच्या. हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही. आमचा मुलगा म्हणाला हा तर ढोकळ्याचा चुलतभाऊ, पण म्हणत म्हणत तीन खाल्ल्या त्याने.

आता खरी गंमत मागच्या बाजूला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे जास्त ते आधी. इथे पहिला शब्द साखर! चणापीठ दुसरं. वर कृतीत म्हणतात 100 ग्रॅम बटर घाला. मग हेल्दी कुठून झालं हो हे? मैदा गेला हे खरं, ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांच्या कामाचं आहे, पण डाएटवाल्यांनी पुढचं पान बघून भुलू नये.

त्यापेक्षा घरी करा, खरंच सोप्पंय. काबुली चणे रात्रभर भिजवून कुकरला अगदी मऊ शिजवायचे, पाणी पूर्ण निथळून कापडावर कोरडे करायचे आणि सालं काढायची (कंटाळवाणं काम आहे पण ह्यावरच सगळं आहे, सालं राहिली की दाताखाली येतात). साधारण 250 ग्रॅम शिजलेले चणे, अर्धी वाटी पीनट बटर, पाव ते अर्धी वाटी किसलेला गूळ, चमचाभर बेकिंग पावडर, मीठ, व्हॅनिला, सगळं मिक्सरला फिरवायचं, वरून चॉकलेटचे तुकडे, 180 डिग्रीला 12 ते 15 मिनिटं. पीठ चमचाभरही नाही. शिजलेल्या चण्यात 100 ग्रॅमला साधारण 9 ग्रॅम प्रोटीन आणि 7-8 ग्रॅम फायबर असतो, आणि गूळ किती घालायचा ते आपल्या हातात. गूळ म्हणजे पण साखरच आहे हां, उगाच मोकळ्या हाताने घालू नका. ह्याही मऊच होतात, फ्रिजमध्येच ठेवायच्या, ओलावा असतो म्हणून बाहेर टिकत नाहीत.

राजम्याच्या पण होतात, कोको घातला तर रंग कळत सुद्धा नाही, फक्त राजमा पूर्ण शिजलेला हवा, अर्धवट राहिला तर उलट्या होतात, त्यात चेष्टा नाही.

प्रिमिक्सला माझ्याकडून पाचपैकी अडीच. चव आणि वेळ वाचतो त्याचे अडीच, बाकीचे साखरेने खाल्ले. घाईत असाल, पाहुणे यायचे असतील आणि डिस्काउंट चालू असेल तर चॉकलेटवालं घ्या. वेलचीवालं नको, त्यात वेलची शोधावी लागते.