कट्यार: नाटक भारी की सिनेमा?

दोन्ही बघितलेत त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो 😄 'कट्यार काळजात घुसली' नाटक १९६७ चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, आणि सिनेमा २०१५ चा, सुबोध भावेनी केलेला.

नाटकात खरी मजा ही की खाँसाहेब, म्हणजे कथेतला मत्सरी गायक, समोर उभा राहून स्वतः गातो. मूळ संचात या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते, मी बघितलं ते नंतरच्या प्रयोगात राहुल देशपांडेंना, आणि तान कुठे जाणार हे त्यांनाही आधी माहीत नसावं असं वाटत होतं, पब्लिक वन्समोअर म्हणतं, गाणं लांबतं, कथा तिथेच थांबते पण कोणाला घाई नसते. हां, नेपथ्य साधंच, आणि मागच्या रांगेत बसलात तर चेहरे विसरा.

सिनेमात उलट. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांचे डोळे काय बोलतात यार, क्लोजअपमध्ये मत्सर अक्षरशः दिसतो, पण आवाज राहुलचा, त्यामुळे माझं मन सारखं ओठांकडे. शंकर महादेवन मात्र पंडितजी, म्हणजे खाँसाहेबांचा प्रतिस्पर्धी गायक, म्हणून स्वतःच गातात, तिथे हा प्रॉब्लेमच नाही. जुनी पदं ठेवून शंकर-एहसान-लॉयनी नवी गाणी घातली, त्यातली कव्वाली मस्तच, पण 'घेई छंद' सारखं पद आटोपशीर झालं की चुटपुट लागते.

नाट्यसंगीत कधीच ऐकलं नसेल तर आधी सिनेमा बघा, गोष्ट पटकन कळते. गाण्यासाठी जाणार असाल तर सरळ नाटकाचं तिकीट काढा, आणि शक्यतो पुढच्या रांगेतलं.