बांगड्याच्या फोटोवर ९,७०९ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मासेमारीचं सामान ऑनलाइन मागवताना फसलो, त्याचा आधी आकडा सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. १,९९९ अधिक ४,५०० अधिक ८५० अधिक २,३६०, एकूण ९,७०९ रुपये. रॉड आला नाही, रील आलं नाही, साधा एक गळसुद्धा आला नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्या, आमच्या घरी सगळ्यांचं हसून झालंय.

बडोद्यात राहून समुद्रातल्या मासेमारीचं सामान कशाला, हा प्रश्न मला पोलिसांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. विश्वामित्रीच्या काठाला गळ टाकायला बसायचं तर मगर कधी बाजूला येऊन बसेल सांगता येत नाही. जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोईचा, तिथे भरतीला स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जातं आणि ओहोटीला जिकडेतिकडे चिखल, पाणी चहाच्या रंगाचं. लुअर म्हणजे काय, धातूचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा, तो खऱ्या माशाला दिसला तर तो झडप घालणार, त्या पाण्यात काय दिसणार कपाळ. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत साडूच्या गावी देवगडकडे जायचं, खडकावर उभं राहून सकाळच्या भरतीला जिग (धातूचे जड लुअर) टाकायचे, बांगडा काढायचा, नशीब असेल तर तांबोशी किंवा जिताडा, असा बेत होता. आता इथल्या दुकानांत मिळतं ते सगळं तलावातल्या रोहू-कटल्याचं सामान, ते रील खाऱ्या पाण्यात नेलं की बेअरिंगला गंज धरतो. मग ऑनलाइन नाही बघायचं तर कुठे बघायचं सांगा.

तर एका ॲपवर एक पेज दिसलं. 'स्टॉक क्लिअरन्स, सॉल्टवॉटर कॉम्बो', दहा फुटी रॉड, ५००० साइझचं रील, ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी, १२ मेटल जिग, ६ मिनो (बारीक माशाच्या आकाराचे लुअर), बांगड्यासाठी सबिकी (एका दोरीवर पाच-सहा बारीक पिसांचे गळ असतात ती), सगळं मिळून ६,४९९. छापील किंमत म्हणे १४,९९९. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. ॲडव्हान्स भरा, मग बाकीचे भरा, मग कुरिअरवाल्याचं काहीतरी, मग 'रिफंडेबल' काहीतरी.

पण खरं डोकं फिरतं ते त्या फोटोमुळे. पेजवर सगळ्यात वर एक फोटो होता, खडकावर उभा एक माणूस, हातात सबिकीला लटकलेले चार मासे, खाली लिहिलेलं 'आज सकाळचे बांगडे, मालवण'. मी तो फोटो मोठा करून हिला दाखवला. हिचं माहेर मालवणचं. हिने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "हा बांगडा नाही. ह्याच्या पाठीवर ठिपके कुठायत?" आणि बरोबर होतं हो तिचं! आपल्या बांगड्याच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, अंगावर सोनेरी पट्टे, आणि कल्ल्यामागच्या पराखाली एक काळा डाग. फोटोतल्या माशांच्या पाठी हिरव्या-निळ्या आणि त्यावर वाघाच्या अंगावर असतात तशा वेड्यावाकड्या काळ्या रेघा. तो अटलांटिक महासागरातला मॅकरेल, तो आपल्या समुद्रात मिळतच नाही. त्या माणसाच्या डोक्यात लोकरीची टोपी होती. मालवणात. लोकरीची टोपी. आणि मी काय म्हणालो माहितेय, "फोटो एडिट केला असेल, तू भाजीत लक्ष दे." हे वाक्य आता आमच्या घरात रोज ऐकायला मिळतं, कुठलीही वस्तू आणली की "एडिट केली असेल".

पण माझी बाजू पण ऐका. परदेशातले फोटो उचलून लावणारी चांगली दुकानं पण आहेतच की, हॉटेलच्या मेन्यूवर पण इटलीचा पिझ्झा असतो म्हणून कोणी पोलिसांत जात नाही. आणि मी आंधळेपणाने पैसे नाही टाकले, मी प्रश्न विचारले होते. रॉडवर लिहिलेलं १५ ते ४० ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनाचा लुअर त्याने फेकायचा, आणि जिग पाठवतोय ६० आणि ८० ग्रॅमचे, ८० ग्रॅमचा जिग जोरात फेकला तर तो रॉड मोडेल, शिवाय बांगड्याचं तोंड केवढं, त्याला ७ पासून २० ग्रॅमपर्यंतचा जिग पुरतो, एवढं मी त्याला लिहून विचारलं. उत्तर आलं, "सब चलेगा सर, प्रो लोग यही लेते हैं." ज्याला रॉडवरचा आकडा वाचता येत नाही तो रॉड विकतोय, हे तिथेच कळायला हवं होतं, नवीन लोकांनी हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्याला विचारावाच, खरा दुकानदार दहा मिनिटं बोलत बसतो त्यावर.

१,९९९ गेले, मग 'डिस्पॅच रेडी' म्हणून ४,५०० गेले. पैसे भरताना ॲपमध्ये समोरच्याचं नाव येतं ना, तिथे पेजचं नाव नव्हतं, कुठल्यातरी बाईंचं नाव होतं. विचारलं तर म्हणे अकाउंटंट मॅडमचं खातं आहे. ते नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

कुरिअरच्या ८५० बद्दल मात्र मला कोणी बोलू नये. लांब नळीचं पार्सल असलं की कुरिअरवाले वजनावर नाही, आकारावर पैसे लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, हे खरंच असतं. आमच्या ऑफिसात पडद्याच्या नळ्या मागवल्या तेव्हा लागलेच होते. त्या माणसाने हे बरोबर ओळखून लावलं.

त्यानंतर 'ट्रान्झिट इन्शुरन्स, डिलिव्हरीनंतर परत', २,००० आणि त्यावर १८ टक्के, २,३६०. आणि बरोबर एक पीडीएफ बिल. आता इथे माझी पंचाईत आहे कारण मी पोटासाठी करतो काय तर लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो. बिलावर पत्ता रत्नागिरीचा, जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७ असतो, आपला गुजरातचा २४. आणि महाराष्ट्रातून गुजरातला माल येतोय तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या मालाचा) लागणार, यात राज्यातल्या राज्यात लागतात ते सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असं दोन ओळीत लावलेलं. पोरगा सीएकडे आर्टिकलशिपला (उमेदवारीला) पहिल्या दिवशी आला तरी हे पकडेल. पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मार्च एंडचं काम चालू नव्हतं की मी क्लायंटचं बिल तपासतोय, मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर कोण बघतं हो. तुम्ही बघा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं.

मग 'पार्सल डॅमेज झालं, पूर्ण रिफंड देतो' म्हणून त्याने क्यूआर पाठवला, ९,७०९ चा, वर लिहिलेलं 'रिसीव्ह'. इथे मात्र मी सापडलो नाही. पैसे घ्यायला पिन लागत नसतो, पिन लागतो तो द्यायला. फोन केला तर गडी मला गुजरातीत समजावतो, "टेन्शन नइ लेवानुं भाई, स्कॅन करो एटले आवी जशे." स्कॅन केलं की पैसे येतील म्हणे. शिव्या दिल्या, ब्लॉक झालो.

आता पुढचं ऐका, कारण चोराने चोरी केली ते समजू शकतो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, रात्री लागला नाही, सकाळी लागला. पहिला प्रश्न, इतका उशीर का. अहो तुमचा फोन लागला असता तर उशीर झाला असता का? प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी नंबर मागतात, चारही काढून ठेवा, नाहीतर परत रांगेत. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तिथे स्क्रीनशॉट चढेनात, साइझ मोठी म्हणे. मग जवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं, मला वाटलं लिहून घेतायत, तर ते दुसऱ्या कशाचं तरी लिहीत होते. मग मान वर करून म्हणाले, "काका, वडोदरामां दरियो क्यां छे?" आणि बाजूचा हवालदार खो-खो हसला. मी म्हटलं साहेब, समुद्र नाही म्हणूनच ऑनलाइन मागवलं. तर म्हणे सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणे पोर्टलवर केलीय ना, मग थांबा, फोन येईल. कोणाचा? माहीत नाही. आणि एकाने तर तोंडावर सांगितलं की लोकांचे वीस-वीस लाख गेलेत, तुमचे नऊ हजार. म्हणजे आता मी जास्त पैसे घालवून यायला हवं होतं?

बँकेत वेगळीच तऱ्हा. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही, असं मी ऐटीत सांगितलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की पिन तुम्हीच टाकला, ते तुमच्या नकळत गेलेल्या पैशांना लागू आहे. नियम तसाच होता, मान्य, पण सांगताना जरा खुर्ची तरी द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारतात कंपनीचं नाव-पत्ता काय. तेच तर खोटं आहे ना बाई! त्या ॲपवर पेज रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन झालेलं नाही. पेज आता नाव बदलून चालू आहे, वर तेच रेघांचे 'बांगडे', फक्त खाली मालवणच्या जागी हर्णै लिहिलंय.

हा, एक गोष्ट झाली. पोर्टलमुळे त्या बाईंच्या खात्यात जे उरलं होतं ते होल्ड झालं. किती, ४१२ रुपये. ते मिळवायला अर्ज, ओळखपत्र, बँकेचं स्टेटमेंट. टायपिंगवाला नुसत्या अर्जाचे ३०० मागतोय, वकिलाला अजून विचारलेलंच नाही. ही म्हणते सोडून द्या. मी सोडणार नाही, सोमवारी जातोय.