हेबकॅल मस्त आहे, पण आधी शहर आणि 'इस्राएल'वाली सेटिंग बघून घ्या

हेबकॅल म्हणजे ज्यू कॅलेंडरची वेबसाइट. फुकट आहे, हिशोब पक्का आहे, एवढ्यावरच माझे साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. आपल्या बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) ग्रुपवर दर सणाच्या आधी तेच सुरू होतं, "ॲप चुकीची वेळ दाखवतंय", "माझ्याकडे दुसरा दिवसच नाहीये", "पाराशा (धर्मग्रंथाचं त्या आठवड्याचं वाचन) वेगळी कशी". प्रत्येकाला एकेकटं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

हेबकॅल म्हणजे काल-परवाचं स्टार्टअप नाही. १९९२ मध्ये डॅनी सॅडिनॉफ यांनी साधा प्रोग्राम म्हणून लिहिलं, १९९९ मध्ये मायकल रॅडविन यांनी त्याची वेबसाइट केली आणि कोड आजही ओपन सोर्स आहे, ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावा. सण, पाराशा, शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) मेणबत्त्यांची वेळ, हिब्रू तारखेचं कन्व्हर्टर, पुण्यतिथ्यांची यादी, सगळं एका जागी. मोबाईलवर साइट नीट चालते, वेगळं ॲप टाकायची गरज मला तरी पडली नाही.

आता मेणबत्त्यांची वेळ चुकते ही तक्रार. दहातल्या नऊ वेळा शहर चुकीचं असतं. इंडिया म्हणून कोणीतरी दिल्ली नाहीतर कोलकाता निवडून ठेवलेलं असतं आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत पावणेसहाच्या आसपास लावायच्या मेणबत्त्या कोलकात्याच्या हिशोबाने साडेचारलाच येतात, कारण घड्याळ देशभर एक असलं तरी सूर्य काय प्रमाणवेळ बघून मावळत नाही. मुंबईत जूनअखेर ही वेळ सातच्या आसपास जाते, म्हणजे वर्षभरात सव्वा तासाचा फरक, त्यामुळे गेल्या वर्षीचा स्क्रीनशॉट भलत्याच महिन्यात फॉरवर्ड करू नका प्लीज. रायगडातलं आपलं गाव यादीत नसेल तर बिनधास्त मुंबई टाका, अलिबाग आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, फरक पडलाच तर सेकंदांचा. नागपूरला असाल तर मात्र मुंबईची वेळ चालणार नाही, तिथे सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो.

साइट सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीची वेळ देते, ती बदलता येते. जेरुसलेमसाठी ४० मिनिटं धरतात, म्हणून तिकडच्या नातेवाइकांशी तुलना करून गोंधळायचं नाही. शब्बाथ संपायची वेळ आकाशात तीन छोटे तारे दिसण्यावर, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेल्यावर धरलेली असते. आपल्याकडे अंधार पटकन पडतो, सूर्यास्तानंतर साधारण पस्तीस मिनिटांत ते होतं. कोणाच्या फोनवर यापेक्षा बराच उशीर दिसत असेल तर त्याने ७२ मिनिटांचा पर्याय निवडलाय, तोही एक रिवाज आहे, बिघाड नाही.

प्ले स्टोअरवरचं एक दुसरं ॲप होतं, नाव घेत नाही, त्यात शहर मुंबई बरोबर असूनही सगळ्या वेळा अर्ध्या तासाने पुढे. आपली प्रमाणवेळ साडेपाच तासांची, आणि त्यात टाइम झोन फक्त पूर्ण तासांचे होते, पाच नाहीतर सहा. सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं की फोन रीस्टार्ट करा. काढून टाकलं. तुमच्याकडे बरोबर अर्ध्या तासाचा फरक येत असेल तर शहर तपासत बसू नका, टाइम झोन बघा.

दुसरा मोठा घोळ इस्राएल आणि डायस्पोराचा, म्हणजे इस्राएलबाहेर राहणाऱ्या ज्यूंचा, बाहेर काही सण एक दिवस जास्त असतात. इस्राएलमधल्या अश्दोदच्या मावसबहिणीने प्रेमाने तिच्या कॅलेंडरची लिंक पाठवली, इकडे अख्ख्या खानदानाने ती जोडून घेतली, आणि मग पेसाह आठाऐवजी सात दिवसांचा, शावुओथचा दुसरा दिवस गायब. या वर्षी तर पाराशाही पुढे-मागे झाली. २०२६ मध्ये शावुओथ २२ मे, शुक्रवारी आला, इथे दुसरा दिवस शनिवारी, म्हणून आपल्याकडे त्या शब्बाथला सणाचं वाचन आणि इस्राएलमध्ये 'नासो' ही पाराशा वाचून मोकळे. तिथून पुढे आपण एक आठवडा मागे, ते थेट २७ जूनला इथे 'हुकाथ' आणि 'बालाक' एकत्र वाचले तेव्हा गाडी जुळली. मधल्या काळात ग्रुपवर जी वादावादी झाली ती एका क्लिकची होती. लिंक दुसऱ्याची घेऊ नका, स्वतः बनवा, दोन मिनिटं लागतात.

गुगल कॅलेंडरवाल्यांसाठी. यूआरएलने कॅलेंडर जोडायची सोय फोनच्या ॲपमध्ये नाहीच, कितीही शोधा, कॉम्प्युटरवर ब्राउझरमधूनच करावं लागतं. जोडल्यावर फोनवर दिसत नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या कॅलेंडरचं सिंक चालू करा. काही बदललंत तर लगेच दिसणार नाही, गुगल त्याच्या सवडीने ओढून घेतं, कधी एक दिवसही लागतो, तेवढ्यात पुन्हा पुन्हा जोडून पाच कॉप्या करू नका. आणि फाइल डाउनलोड करून इम्पोर्ट करणं तर टाळाच, कारण इम्पोर्ट केलेले सण तुमच्या नेहमीच्या कॅलेंडरात डॉक्टरच्या अपॉइंटमेंटमध्ये मिसळतात आणि मग एकेक करून डिलीट करत बसावं लागतं. सबस्क्राइब केलेलं एका फटक्यात काढता येतं. करायचंच असेल इम्पोर्ट तर आधी वेगळं रिकामं कॅलेंडर बनवा. रिमाइंडर वाजत नाही म्हणणाऱ्यांनी गुगलमध्ये त्या कॅलेंडरचं नोटिफिकेशन वेगळं सेट करावं, लिंकबरोबर ते येत नाही.

गुगलचं स्वतःचं ज्यू सणांचं कॅलेंडर आहे, ते मी ठेवत नाही, कारण आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो हे त्या पूर्ण दिवसाच्या पट्टीत कळत नाही. यंदा रोश हशाना (आपलं नवं वर्ष) १२ सप्टेंबरला लिहिलेला दिसेल पण सुरू होतो ११च्या संध्याकाळी, शुक्रवारी. शनिवार-रविवार आपला सण, सोमवारी १४ला गणपती, सुट्ट्या आयत्याच जुळल्यात. योम किप्पूरचं बघा मात्र, २० सप्टेंबरच्या रविवारी संध्याकाळी उपास सुरू, मेणबत्त्या सव्वासहाच्या सुमारास, आणि त्याच संध्याकाळी सात दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. ठाण्यातल्या सिनेगॉगला ज्यांना लांबून यायचंय त्यांनी चार वाजताच निघालेलं बरं, नाहीतर मिरवणुकीत अडकाल. सोमवारची रजा आत्ताच टाका.

पुण्यतिथीच्या भागात सगळ्यात जास्त काळजी घ्या. तारीख टाकताना सूर्यास्तानंतर अशी एक छोटी खूण आहे, बहुतेक जण ती बघतच नाहीत. माणूस डिसेंबरात संध्याकाळी साडेसातला गेला असेल तर हिब्रू तारीख दुसऱ्या दिवसाची, खूण केली नाही तर दर वर्षी एक दिवस आधी हश्काबा (मृतासाठीची प्रार्थना) म्हणत बसाल. जुन्या मृत्यूंची वेळ कागदावर नसते, घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, दिवे लागायच्या आधी की नंतर, त्यांना लख्ख आठवत असतं.

आणि येतंय ते हिब्रू वर्ष, ५७८७, लीप आहे. पंचांग कळणाऱ्याला समजावायला नको, १९ वर्षांत ७ जादा महिने हे गणित दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक एवढाच की आपल्या हिंदू शेजाऱ्यांचा अधिक महिना दर वेळी वेगळा असू शकतो, यंदा ज्येष्ठ होता, आणि ज्यू कॅलेंडरात दर वेळी अदारच दोनदा. म्हणून २०२७ मध्ये पुरीमचा सण २३ मार्चला आणि पेसाहची पहिली रात्र २१ एप्रिलला, या वर्षी ती १ एप्रिललाच होती. आता ज्यांच्या घरी साध्या वर्षाच्या अदारमध्ये कोणी गेलंय, उदाहरणार्थ मार्च २०२५ मध्ये, त्यांची पुण्यतिथी पहिल्या अदारात की दुसऱ्या? शुल्हान आरुख हा ज्यू नियमांचा ग्रंथ दुसरा म्हणतो, अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंच्या) रिवाजात रेमा या धर्मपंडितांप्रमाणे पहिला. सॉफ्टवेअर एकच नियम लावून मोकळं होतं, ते तुमच्या घराण्याचा रिवाज विचारत नाही. इथे स्क्रीनवर विसंबू नका, हझानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) फोन करा.

अर्धा स्टार कशाचा कापला, तर मराठी नाही. रशियन, फ्रेंच, स्पॅनिश आहे, मराठी नाही. आमच्या आत्याला रोश हशानाला नव्याचा सण म्हटलं की कळतं, यादीतली नावं तिला परकी वाटतात. मी वर्षाची पीडीएफ काढतो आणि तिच्यावर पेनाने मराठीत लिहून देतो, फ्रिजवर लावलेली असते. ओपन सोर्स आहे म्हटल्यावर कोणी पोराने मनावर घेतलं तर भाषांतर होऊ शकतं, ग्रुपवर दोन-चार आयटीवाले आहेत, नुसते गुड मॉर्निंग पाठवतात.

बाकी पुढच्या वर्षांचंही आत्ता बघता येतं याचा फायदा घ्या. २०२७ मध्ये ट्यू बिश्वात (झाडांचा सण) २३ जानेवारीला येतोय, शनिवारी. खंडाळ्याला, म्हणजे अलिबागच्या, लोणावळ्याच्या नव्हे, एलियाहू हानबीला (प्रेषित एलियाच्या स्थानाला) मलिदा घेऊन जाणाऱ्यांनी गाडी बुक करण्याआधी हे ध्यानात घ्या, शब्बाथला जायचं की रविवारी ते आधी घरात ठरवा आणि मगच ड्रायव्हरला ॲडव्हान्स द्या.