नव्वद लाखांत घर: कोथरूड, वाकड, धायरी की वाघोली?

नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, आठवड्यातून तीन दिवस जावंच लागतं. माझी शाळा सदाशिव पेठेत, सकाळी सात दहाची. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. आणि कर्ज धरून हातात नव्वद लाख. एवढ्या भांडवलावर आम्ही चौदा महिने पुण्यात दोन बीएचके शोधत फिरलो. तुमचं बजेट आणि अडचणी याच्या आसपास असतील, तर आमची पायपीट तुमच्या थोडी कामाला येईल.

आधी भाव. आम्हाला जे सांगितले गेले तेच देते. दर गल्लीगणिक बदलतात, त्यामुळे हे अंदाजाला. कोथरूडमध्ये पस्तीस वर्षं जुन्या इमारतीतला ६२० चौरस फूट कार्पेटचा (म्हणजे भिंतींच्या आतल्या, प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा) फ्लॅट ९२ लाख. वाकडला बारा-तेरा वर्षांच्या सोसायटीत ७२० फूट ८८ लाखांना, क्लब हाउस आणि स्विमिंग पुलासकट. धायरीत नवं बांधकाम ६६० फूट ६८ लाख, वाघोलीत ७०० फूट ६६ लाख. बाणेर-बालेवाडीत ७०० फुटांचे एक कोटी पंधरा ऐकले आणि चहा पिऊन परत आलो, त्यामुळे त्या भागाबद्दल मी फार बोलणार नाही.

चौरस फुटाला भाग दिला तर कोथरूड सुमारे १४,८००, वाकड १२,२००, धायरी १०,३०० आणि वाघोली ९,४००. कागदावर वाघोली कोथरूडपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्वस्त. आम्हीही आधी असंच वाचलं होतं.

फुटांबद्दल एक सांगते. रेराचा, म्हणजे घरखरेदी आणि बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाल्यावर नवी घरं कार्पेटवरच विकावी लागतात, पण एजंटच्या तोंडी अजून ‘साडेनऊशेचा फ्लॅट’ असतो. रिसेलमध्ये तर जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, लिहिलेलं असतं. कोथरूडच्या त्या फ्लॅटच्या करारात ७८० होते. नवऱ्याने टेप काढली तेव्हा मालकीणबाई जरा दुखावल्या, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत ६२०च भरले. टेप न्याच. पन्नास रुपयांची वस्तू आहे.

कोथरूडबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुनं कोथरूड घ्यायचं म्हणजे घर कमी आणि जागा जास्त घ्यायची. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, अशी मेट्रो दाराशी. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज सुरू झाली, आता रामवाडीपर्यंत जाते. डॉक्टर, भाजी, वाचनालय, पोळीवाल्या मावशी, सगळं चालत. पण ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली इमारतींना बहुधा लिफ्ट नाही, आणि पार्किंग म्हणजे जिन्याखाली दोन स्कूटर. बँकही इमारतीचं वय बघते. आमच्या बँकेने एका फ्लॅटला मुदत कमी करून दिली आणि हप्ता एकदम सात हजारांनी चढला.

मग एजंट हळूच सांगतो, “मॅडम, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये, तीन वर्षांत नवं कोरं घर मिळेल.” या एका वाक्यावर दहा लाख वाढवून मागतात. तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारकडून जमीन नावावर करून घेण्याची, फाइल हलवावी लागेल. दुसरं, समोरचा रस्ता नऊ मीटर आहे का? त्याहून अरुंद असेल तर प्लॉटवर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही आणि बिल्डरला गणित बसत नाही. तिसरं, बिल्डरशी करार झालाय की नुसती सर्वसाधारण सभेत चर्चा झालीये? आम्ही एका सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणाले, “चर्चा चांगली झाली.” कधी, तर २०१६ साली.

वाकडची गोष्ट अगदी उलटी. घर उत्तम. लिफ्ट दोन, जनरेटर, खाली बाग, सासूबाईंना फिरायला सरळ पायवाट. हिंजवडी हाकेच्या अंतरावर, निदान नकाशात. माझी शाळा मात्र रोज जाऊन-येऊन दोन तास. नवरा जवळजवळ ठरवूनच बसला होता. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी एप्रिलच्या दुपारी आम्ही न सांगता गेलो. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायला वाकले तर शेजारी दुसरी वही उघडी होती. वेळ, गाडी नंबर, किती हजार लिटर, सही. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत नऊ टँकर येऊन गेले होते. मी मागची पानं चाळली. वॉचमनकाका म्हणाले, “ताई, ती पाण्याची वही. व्हिजिटरची ही.”

त्यात त्या सोसायटीचा दोष नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू केलं. पवना भरली तरी ते तसंच राहिलं, कारण प्रश्न धरणातल्या पाण्यापेक्षा ते शुद्ध करून पोचवण्याचा आहे. उरलेलं पाणी टँकरने येतं आणि पैसे मेंटेनन्समधून जातात. तिथे मेंटेनन्स महिना साडेपाच हजार, कोथरूडच्या जुन्या इमारतीत बाराशे. फरक ४,३०० रुपये, वर्षाला ५१,६००. वीस वर्षांचे, दरवाढ न धरता, दहा लाखांच्या वर. म्हणजे वाकडचा स्वस्तपणा पुलात पोहायला गेला म्हणायचा. जुन्या इमारतीत लिफ्ट, बाग, दोन-दोन सिक्युरिटी नाहीत, हेही खरं, त्यामुळे सगळा फरक पाण्याचा नाही. पण ती वही बघितल्याशिवाय वाकड, पुनावळे, रावेत यांपैकी कुठेही टोकन देऊ नका.

धायरी आणि एकूण सिंहगड रस्ता. मराठी मध्यमवर्गाचा जुना भरवसा: खडकवासला जवळ, हवा बरी, भाव आवाक्यात. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला २०२१ मध्ये. पण हद्दीत आलं म्हणजे नळाला आलं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि पाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी झाला. नदीकाठाला तर आणखी सांभाळून: २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला तेव्हा एकतानगरीत पार्किंग आणि तळमजले पाण्यात गेले. मुठेच्या बाजूला घर बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नकाशावर बघा. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. वरच्या अंगाला, डोंगराकडे, हा प्रश्न नाही. तिथे रस्त्याचा आहे. माझ्या शाळेसाठी धायरी चाललं असतं. हिंजवडीला जाताना महामार्गावरचा, कोंडी आणि अपघातांचा नवले पूल पार करायचा, हे ऐकून नवऱ्याने हात जोडले.

वाघोली आमच्यासाठी नव्हतीच, पण खराडीत नोकरी असणाऱ्यांनी ती सोडू नये. नगर रस्ता मात्र सकाळी नऊला स्वतः गाडी चालवून बघा. रविवारी दुपारी साइटवर नेतात तेव्हा सगळेच रस्ते रिकामे असतात.

मेट्रोच्या नावाने जास्त पैसे देताना हात आखडता घ्या. हिंजवडी ते शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा मार्ग बालेवाडी, बाणेर, विद्यापीठावरून जातो, त्याचा फायदा खराच आहे. पण त्याचा भाव बिल्डरांनी पहिला खांब उभा राहिला तेव्हाच लावून घेतला. जिथे मेट्रो आज धावते त्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, एवढंच मी मोजलं.

आता वरखर्च. ९० लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, म्हणजे ९० हजार वाचतात. नवरा-बायको जोडीने घेतलं तर ती मिळत नाही. (आमच्याकडे यावरून एक संध्याकाळ गेली.) बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर वर ५ टक्के जीएसटी, साडेचार लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला किंवा रिसेलला तो नाही. कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का, पण त्या किमतीत या भागांत दोन बीएचके शोधून दाखवा. ५० लाखांवर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा. हा जास्तीचा खर्च नाही, पण विसरलात तर दंड तुमच्या माथी. नव्या घराला करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे सॅम्पल फ्लॅटमधल्या एसीत बसूनही लक्षात ठेवा.

तर कुणी काय घ्यावं? दोघंही हिंजवडीत आणि घरात लहान मूल असेल तर वाकड, पाण्याची वही बघून. दोघंही खराडीकडे असाल तर वाघोलीचं नवं घेण्याआधी खराडीतलं थोडं जुनं बघा. शहरात नोकरी, बजेट सत्तरच्या आत आणि नवंच हवं असेल तर धायरी, डोंगराच्या बाजूला. घरात म्हातारं माणूस असेल आणि एकाचं तरी काम गावात असेल, तर लिफ्ट असलेलं जुनं कोथरूड किंवा कर्वेनगर. मग खोल्या लहान मिळाल्या तरी चालेल.

आम्ही शेवटी कोथरूडमध्येच घेतलं. दुसरा मजला, लिफ्ट आहे, ५७० फूट, ८६ लाख. रीडेव्हलपमेंटचा एक पैसाही जास्त दिला नाही. पार्किंग एका स्कूटरचं, म्हणून गाडी विकली. नवरा तीन दिवस चांदणी चौकातून कंपनीच्या बसने जातो. सोफा दारातून आत जाईना, तो नणंदेकडे आहे.